एकतिसावी कॅसेट

सदतीस कॅसेटी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
राजेशम बोद्धूल, रेडिओ मेकॅनिक, यांचा मुलगा
सुरतेहून घेऊन आला. म्हणाला,
यात पप्पांचा आवाज असंल कुठंतरी,
तेवढा काढून द्या.
बाकीचं राहू द्या.

लेबलं तेलुगूत, पेन्सिलीनं.
तारीख आणि वार तेवढे मराठीत.
अशोक चौकातल्या खोलीत मी पंखा बंद करते,
हेडफोन चढवते.
कानामागून घाम उतरतो, तो ऐकू येत नाही
म्हणून बरं.

पहिलीत माग.
खटक खट, खटक खट, आणि मधेच भोक पडावं तसं
काहीच नाही.
धागा तुटला.
गाठ मारणाऱ्या बोटांना आवाज नसतो,
मी मोजलं, नऊ सेकंद.
पुन्हा खटक खट.
त्या लयीवर कुणीतरी गुणगुणतंय,
माग थांबला की गाणंही थांबतं.
नुसतं गाता येत नसावं त्याला.

चौथीत ओट्यावर बायका, विड्या वळतायत.
कात्री, पान, कात्री.
ओकटी, रेंडु, मूडु, पंचविसाला दोरा,
आणि कुणाचं तरी ठरलेलं लग्न कसं मोडलं
ते सगळं,
एकही आकडा न चुकवता.

आठवीत तळ्याची पहाट. सनईवाला
सूर लावून बघतोय,
लागत नाही.
बदकं हसतात.

अकरावीवर 'नान्नज', एवढं मराठीत लिहिलंय,
मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा.
माळावरचा वारा माइकला चापट्या मारतो.
चंडोल, एकदाच. सायकलची साखळी.
अर्धा तास माणूस माळढोकाची वाट बघत बसलाय.
त्याची साद म्हणे फार खोल असते,
या मशीनला झेपली नसेल,
किंवा तो आलाच नसेल.
कॅसेटवरून दोन्ही सारखंच ऐकू येतं.
मग खोकला.
हेच का पप्पा?
मी लिहून ठेवते : बावीस मिनिटं, अठरा सेकंद.

एकोणतीस आणि तीस, दोन्हींत भोंगा.
सकाळचे सात.
गिरणीचा तो लांबलचक, पोटातून निघालेला आवाज,
आणि गल्लीतलं एक कुत्रं
मान वर करून त्याच्या सुरात सूर मिसळतंय.
दोघं एकदमच थांबतात.
पाठोपाठ चपला, डब्याची झाकणं,
कुणीतरी कुणाला तरी म्हणतंय, आज मीठ घातलंस ना.

एकतिसावी. वार मंगळवार.
बटण दाबल्याचा टक्.
लांब कुठंतरी बादली भरते.
चपला नाहीत.
मग अगदी माइकजवळ, दबक्या आवाजात,
बहुतेक शेजारच्या पोराला :
"थांब बे, येलालाय."

नाही आला.
बादली भरून वाहायला लागते, कुणी नळ बंद करत नाही.
आणि बरोब्बर सातला
कुत्रं एकटंच रडायला लागतं.
पूर्ण रडतं, भोंग्याएवढं,
जिथं थांबायचं तिथंच थांबतं.

त्यानं टेप लगेच बंद केला नाही.
पुढं चार मिनिटं
चाकांची घरघर आहे नुसती.
मशीनमध्ये ती पुसायची सोय आहे, मी पुसली नाही.
आळस म्हणा.

मुलगा शनिवारी आला.
पेन ड्राइव्ह दिला, पैसे सांगितले,
आणि तेवढा तुकडा ऐकवला, कारण सदतीस कॅसेटींत
पप्पांचे शब्द तेवढेच.
तीन शब्द. बाकी खोकला.
त्यानं डोळे मिटून ऐकलं.
कुत्रं रडून थांबल्यावर
एकदम हेडफोन काढून, जवळजवळ रागानंच म्हणाला,
मधला भोंगा कुठाय?
तुम्ही कापला काय?

नाही म्हटलं.
बादलीपासून परत लावलं.